डून खोऱ्यातले सक्रिय भ्रंश कसे वाचायचे: नकाशापासून मोहंड रावच्या पायरीपर्यंत

सहारनपूरहून डेहराडूनला जाताना मोहंडपर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट असतो आणि मग शिवालिकची धार एकदम अंगावर येते. पायथ्याच्या टेकड्या, हळूहळू वाढणारा चढ, असा मधला टप्पाच नाही. मैदान संपतं त्या सरळ कडेला हिमालयन फ्रंटल थ्रस्ट हा भ्रंश, म्हणजे जिच्यावरून खडक सरकतात ती भेग, जमिनीखालून वर येतो. थ्रस्ट म्हणजे कमी कोनात तिरपा असलेला भ्रंश, ज्याच्यावरून वरचा खडक खालच्या खडकावर चढत जातो. धार ओलांडून उतरलं की डून खोरं लागतं. पलीकडे राजपूरच्या वर मसुरीचा डोंगर उभा राहतो, आणि त्याच्या पायाशी दुसरा मोठा भ्रंश आहे, मेन बाउंड्री थ्रस्ट.

शाळेतल्या भूगोलामुळे आपल्या डोक्यात दोन भ्रंशांमधली दरी म्हणजे नर्मदेसारखी खचदरी असं पक्कं बसलेलं असतं. डूनमध्ये ते काढून टाकावं लागतं. इथे मधली जमीन खचलेली नाही. दोन्ही बाजू उचलल्या गेल्या, म्हणून मधला भाग खोलगट राहिला आणि मसुरीकडून वाहून आलेल्या दगडगोट्यांनी भरला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे सबंध खोरं फ्रंटल थ्रस्टच्या वरच्या पाटावर बसलेलं आहे. शिवालिक दक्षिणेला सरकतो तेव्हा डेहराडून शहरही त्याच्यासोबत सरकतं. खोरं म्हणजे चालत्या बैलगाडीतलं टोपलं: गाडी पुढे जाते आणि टोपलंही भरत राहतं.

खालची पद्धत भूगोल-भूशास्त्राचे विद्यार्थी, हौशी नकाशेवाले आणि हिमालयात भटकणारे यांच्यासाठी आहे. खर्च जवळजवळ शून्य. लागतात ते एक बऱ्यापैकी लॅपटॉप, क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि प्रत्यक्ष जागेवर दोन-तीन दिवस.

आधी उंचीचा नकाशा

कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाचा ३० मीटरचा उंची-नमुना, म्हणजे दर ३० मीटरच्या चौकोनी घराला एक उंची असा संगणकी नकाशा, उतरवून घ्या. डून खोरं साधारण ८० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद आहे, वायव्येला यमुना आणि आग्नेयेला गंगा. एक अंशाचे चार तुकडे लागतात: उत्तर अक्षांश २९ आणि ३०, पूर्व रेखांश ७७ आणि ७८. ते जोडून एक करा.

आता पहिला खड्डा. ७८ अंश रेखांशावर यूटीएमचा, म्हणजे जागा अंशांऐवजी मीटरमध्ये मांडणाऱ्या नकाशा-पद्धतीचा, विभाग बदलतो, पश्चिमेला ४३ आणि पूर्वेला ४४. ही रेषा बरोबर डून खोऱ्यातून जाते. डेहराडून शहर ७८ च्या किंचित पूर्वेला आहे आणि मोहंड पश्चिमेला. अर्धं काम एका विभागात आणि अर्धं दुसऱ्यात केलं की रेषा जुळत नाहीत आणि चूक कुठे झाली ते दोन दिवस कळत नाही. सगळं विभाग ४४ उत्तरमध्ये रूपांतरित करा (क्यूजीआयएसमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४४). कडेला जी थोडी ताण-ओढ होते ती इथे नगण्य आहे. रूपांतर करताना ‘निअरेस्ट नेबर’ ही मूळ निवड बदलून ‘बायलिनिअर’ किंवा ‘क्युबिक’ घ्या, नाहीतर पुढे काढायच्या हिलशेडमध्ये आडव्या-उभ्या पट्ट्या उमटतात आणि नवखा माणूस त्यांनाच भ्रंश म्हणून गिरवत बसतो. रूपांतर न करता अंशांमध्येच उतार काढला, तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहते आणि सगळा प्रदेश ९० अंशांचा कडा होऊन येतो.

मग हिलशेड, म्हणजे जमिनीवर एका बाजूने प्रकाश टाकल्यासारखं सावल्या दाखवणारं चित्र. बहुतेक ठिकाणी प्रकाशाची दिशा आधीच वायव्य, ३१५ अंश, भरलेली असते. हिमालयाची ही कडा नेमकी वायव्य-आग्नेय धावते. प्रकाश रेषेच्या लांबीनेच पडला, की भ्रंशाने जमिनीत उमटवलेल्या ज्या पायरीसाठी हा सगळा खटाटोप ती सावलीच टाकत नाही. दिशा ३० ते ४५ अंश ठेवा, प्रकाशाची उंची ३० ते ४०. दक्षिणेकडून प्रकाश टाकू नका. डोळा फसतो आणि दऱ्या डोंगरासारख्या दिसतात.

एक आडवी रेघ, आणि तिच्यात काय बघायचं

मोहंडच्या दक्षिणेला पाच किलोमीटर मैदानातून सुरू करून ईशान्येला मसुरीच्या धारेपर्यंत एक सरळ रेघ ओढा, सुमारे ४० किलोमीटर. तिचा उंची-छेद काढा आणि उभं प्रमाण पाच ते दहापट वाढवा.

डावीकडे मैदान अगदी हळू चढतं. हा भाबर, ज्याच्या गोट्यांत डोंगरातले ओढे जिरून जातात. पुढे शिवालिकचा उंचवटा. तो दोन्ही बाजूंना सारखा नाही, नैऋत्येकडे उभा आणि ईशान्येकडे लांब, मंद उताराचा. खालचा भ्रंश ईशान्येकडे तिरपा आहे, वरच्या थरांना त्यावरून चढताना वाकावं लागलं आणि ही एका बाजूला कललेली घडी तयार झाली. भूशास्त्रात तिला मोहंड अपनती म्हणतात. भ्रंश न पाहता नुसत्या घडीच्या आकारावरून तो कुठे आणि कोणत्या बाजूला कलला आहे ते सांगता येतं, हा या छेदाचा सगळ्यात मोठा फायदा.

आता खोऱ्याचा सर्वांत खालचा बिंदू शोधा. तो मध्यावर नसतो, शिवालिकच्या बाजूला सरकलेला असतो. उत्तरेच्या डोंगराने आणलेला गाळ पंख्यासारखा पसरून खोऱ्याचा बहुतेक भाग व्यापतो आणि खोऱ्याच्या लांबीने वाहणाऱ्या नद्यांना दक्षिणेला ढकलतो. आसन वायव्येला यमुनेकडे जाते, सुसवा आणि सोंग आग्नेयेला गंगेकडे. शहरातल्या रिस्पना आणि बिंदाल या पंख्याच्याच पाठीवरून उतरतात. आज त्या पंख्यात खोल रुतल्या आहेत, म्हणजे ज्या पृष्ठावर शहर बसलं आहे ते नदीने केव्हाच सोडून दिलेलं जुनं पृष्ठ आहे.

छेदाच्या शेवटी, राजपूरच्या जवळ, उतार मोडतो. तिथून वरचे खडक शिवालिकपेक्षा कितीतरी जुने. काही जागी हे जुने खडक डूनच्या तरुण गोट्यांवर चढलेले सापडतात, आणि गोट्यांचा थर तरुण असल्यामुळे भ्रंशाची हालचालही तरुण ठरते. खोऱ्याच्या आतही संतौरगढ थ्रस्टसारखे छोटे भ्रंश आहेत. पहिल्या फेरीत त्यांच्या नादी लागू नका.

दोन सोपी मोजमापं

पहिलं, डोंगराच्या पायथ्याची वाकडेपणाची मोजणी. पायथ्याची रेघ जशी वळते तशी गिरवा, तिची लांबी घ्या आणि दोन टोकांमधल्या सरळ अंतराने भागा. २४ किलोमीटर भागिले २० म्हणजे १.२. आकडा १ च्या जितका जवळ तितकी भ्रंशाची ताकद झिजेपेक्षा जास्त. साधारण १.६ पर्यंत डोंगरकडा सक्रिय धरतात. थंडावलेल्या कड्यात ओढे आत शिरत जातात आणि आकडा २, ३ च्या पुढे जातो. गिरवताना झूम बदलू नका. १:५०,००० ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. जवळ जाऊन गिरवलेली रेघ नेहमीच लांब भरते, त्यामुळे दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत आणि उगाच वाद होतात.

दुसरं, दरीच्या तळाची रुंदी आणि खोली यांचं प्रमाण. पायथ्यापासून एक किलोमीटर आत प्रत्येक ओढ्यावर आडवा छेद घ्या. समजा तळ ६० मीटर रुंद, तळाची उंची ५६०, डावी धार ७२० आणि उजवी ७००. दुप्पट रुंदी १२०. दोन्ही बाजूंची खोली १६० आणि १४०, बेरीज ३००. १२० भागिले ३०० म्हणजे ०.४. एकाच्या खाली आलं तर ओढा खाली कापण्यात गुंतलेला आहे, बाजूला पसरायला त्याला उसंत नाही. सगळ्या ओढ्यांवर अंतर एकच ठेवा. शिवाय ३० मीटरच्या नमुन्यात ६० मीटरचा तळ म्हणजे जेमतेम दोन घरं, म्हणून रुंदी उपग्रहचित्रावर मोजा आणि उंची नमुन्यावरून घ्या.

पायरीसारखं दिसतं ते सगळं भ्रंशाचं नसतं

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे विशेष सावध राहावं लागतं. आपल्याकडच्या डोंगरांच्या पायऱ्या लाव्ह्याच्या थरांच्या आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. कठीण थर कडा धरतो, मऊ थर झिजतो. कोकणाकडचा कडा कितीही सरळसोट वाटला तरी त्याच्या पायाशी डूनसारखा चढता थ्रस्ट नाही. उलटही खरं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाला कारण झालेला भ्रंश सक्रियच म्हणायचा, पण तिथली हालचाल इतकी विरळ, की भूरूपावर तिची खूण शोधून सापडत नाही. सरळ कडा दिसला म्हणून भ्रंश आहे आणि सपाट दिसलं म्हणून नाही, असा हिशेब चालत नाही.

डूनमध्ये फसवणारी मुख्य गोष्ट जंगल आहे. उंची-नमुन्यातली रडारची मोजणी झाडांच्या माथ्याला अडते. शिवालिकवर साल वृक्षांचं दाट रान, आणि रान संपून शेत सुरू होतं ती कडा पायथ्याला, म्हणजे फ्रंटल थ्रस्टच्या आसपासच. छेदात दहा-पंधरा मीटरची सुबक पायरी दिसते आणि ती निव्वळ झाडांची उंची निघते. खात्री करायची तर तीच पायरी नदीपात्रात किंवा उघड्या माळावर पुढे चालू राहते का ते पाहा. झाडं संपली की पायरीही संपते, तर खोडून टाका. मसुरीच्या उतारावरचे पांढरे ओरखडे हे चुनखडीच्या जुन्या खाणींचे किंवा दरडींचे असतात. दरडीचा कडा कमानदार असतो आणि खाली घसरलेला ढिगारा पडलेला असतो.

मोहंड राव: प्रत्यक्ष मोजणी

इकडच्या बोलीत राव म्हणजे बहुतेक वर्षभर कोरडं असलेलं, गोट्यांनी भरलेलं रुंद पात्र. पावसाळ्यात वर कुठेतरी ढग फुटला की त्यात मिनिटांत पूर येतो, म्हणून ऑक्टोबर संपल्याशिवाय जाऊ नका. बराच भाग जंगलात येतो. वन खात्याची परवानगी घ्या, जोडीला माणूस घ्या. हत्तींचा वावर आहे, संध्याकाळी चारला बाहेर पडायचं. ड्रोन नेऊ नका.

पात्रातून आत जाताना काठाच्या कड्याकडे बघत चला. खाली राखाडी-पिवळसर वालुकाश्माचे थर ईशान्येकडे कललेले दिसतात. त्यांच्यावर, कललेल्या थरांची डोकी आडवी छाटल्यासारखी एक सरळ रेघ, आणि रेघेच्या वर गोट्यांचा थर. गोटे नीट बघा. ते चपटे असतात आणि कौलांसारखे एकावर एक रेललेले, सगळे प्रवाहाच्या वरच्या दिशेला कललेले. म्हणजे ते नदीनेच रचलेले आहेत, वरून कोसळलेले नाहीत. ती सरळ रेघ नदीचा जुना तळ. एके काळी नदी तिथून वाहत होती, आज ती २० ते ३० मीटर खाली आहे. भ्रंशाचा सांधा उघडा दिसणं ही दुर्मिळ गोष्ट, बहुतेक ठिकाणी तो गाळाखाली असतो. म्हणून भ्रंश शोधत न फिरता ही पायरी, म्हणजे उंचावर राहिलेला जुना नदीतळ, शोधायची, हीच मोजपट्टी.

उंची मोजताना गोट्यांच्या थराचा माथा धरू नका. त्यावर नंतर आलेली माती असते. मोजायची ती खडक छाटलेली रेघ. मोबाइलच्या जीपीएसची उंची दहा-दहा मीटर चुकते, ती इथे कामाची नाही. हातातली लेव्हल नळी पुरते: डोळ्याची उंची १.५ मीटर असेल तर समोर समपातळीत दिसलेल्या दगडावर जाऊन उभं राहायचं आणि पुन्हा बघायचं. २५ मीटरला सोळा-सतरा मुक्काम होतात. दोनदा मोजा, चढताना आणि उतरताना. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

थरांचा कल, म्हणजे नती, घेताना वालुकाश्मातल्या तिरप्या बारीक रेघांवर होकायंत्र ठेवू नका. त्या वाळूच्या जुन्या लाटांच्या आहेत आणि मुळातच तिरप्या बसलेल्या. वालुकाश्म आणि मातीखडक यांचा सांधा शोधा, त्याच्यावर वहीचा पुठ्ठा टेकवा आणि पुठ्ठ्यावर मोजा. एका जागी किमान पाच आकडे.

वय आणि वेग

पायरीची उंची मिळाली, आता वय हवं. गोट्यांच्या थरात अडकलेला कोळशाचा तुकडा मिळाला तर कार्बन पद्धत चालते, काही मिलिग्रॅम पुरतात. चिमट्याने उचला, ॲल्युमिनियमच्या कागदात ठेवा, कापसात नाही; कापूसही कार्बनच. मुळं घुसलेल्या जागेतला तुकडा घेऊ नका. कोळसा नसेल तर वाळूच्या पट्ट्यातून प्रकाश-पद्धतीचा, म्हणजे वाळू शेवटची उजेडात कधी होती ते काढण्यासाठीचा, नमुना: बाहेरचा ३० सेंटिमीटर थर खरवडून टाकायचा, धातूची नळी ठोकून आत घालायची आणि दोन्ही टोकं काळ्या टेपने लगेच बंद करायची. उजेड लागला की वाळूत साठलेला संकेत पुसला जातो आणि वय कमी येतं. हे प्रयोगशाळेशी आधी बोलूनच करायचं काम आहे.

मोहंड रावच्या पायरीचं काम झालेलं आहे आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. वय आलं ३६६३ वर्षं, अधिक-उणे २१५. त्यावरून गणित स्वतः करून बघा. कमीत कमी: २० मीटर भागिले ३८७८ वर्षं, म्हणजे वर्षाला ५.२ मिलिमीटर. जास्तीत जास्त: ३० मीटर भागिले ३४४८, म्हणजे ८.७. मधला आकडा ६.९, अधिक-उणे १.८. हा उभ्या उचलीचा वेग झाला.

खोरं सरकतं ते मात्र भ्रंशाच्या तिरप्या पाटावरून. पाटाचा कोन ३० अंश धरला तर ३० चा साइन ०.५, म्हणून ६.९ भागिले ०.५: पाटावरची सरक वर्षाला सुमारे १४ मिलिमीटर. टॅन ०.५८, म्हणून आडवं आकुंचन सुमारे १२. कोनात चूक झाली तर आकडे किती हलतात तेही पाहा: ४० अंश धरले तर सरक १०.७ वर येते, २० धरले तर २० वर जाते. उंची आणि वयापेक्षा कोनाची चूक महाग पडते आणि नेमका कोनच जमिनीखाली असतो, म्हणून उत्तर एका आकड्यात न देता पट्ट्यात द्या. शिवाय हा आकडा ‘किमान’ म्हणून लिहायचा. कोळसा पायरीहून जुना असू शकतो, आणि भ्रंशाच्या दक्षिणेला मैदानात गाळ साठून खालची बाजूही वर आलेली असते. दोन्हींमुळे खरा वेग लपतो. उलट बाजूने, पाणी वाढलं म्हणूनही नदी खाली कापते, उचल नसतानाही. म्हणून पायरी भ्रंशाच्या उत्तरेलाच उंच आहे आणि मैदानाकडे येताच नाहीशी होते, एवढं दाखवल्याशिवाय उचलीचं नाव घेऊ नये.

वर्षाला १४ मिलिमीटर म्हणजे काय, आणि काय नाही

हा सरासरी वेग आहे, रोजचा नाही. उद्या मोहंडला खुंट ठोकून वर्षाने मोजलात तर भ्रंशावर काहीही सरकलेलं दिसणार नाही. भारत आणि तिबेट जवळ येत राहतात, ताण उत्तरेला खोलवर साठतो आणि भूकंपात एकदम सुटतो. पाचशे वर्षं काहीच सुटलं नाही असं धरलं तर १४ मिलिमीटरच्या हिशेबाने सात मीटर सरक बाकी पडते.

सुटते तेव्हा खोऱ्याचं काय होतं ते काठमांडूने दाखवलं. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ तीव्रतेचा भूकंप साधारण मिनिटभरात संपला, आणि काठमांडू खोरं सुमारे एक मीटर वर उचललं जाऊन दक्षिणेकडे सरकलं. पण पायथ्याशी जमीन फाटली नाही. सरक पुढच्या कडेपर्यंत पोचलीच नाही. उलट ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपात जमीन सुमारे ७० किलोमीटर फाटली. म्हणून एखाद्या भूकंपानंतर पायरी उमटली नाही यावरून भ्रंश शांत ठरत नाही, आणि एका पायरीला एक भूकंप असंही धरता येत नाही. मोहंडच्या पायरीत किती भूकंप जमा आहेत हे पायरी सांगत नाही. त्यासाठी भ्रंशावर आडवा चर खणून तुटलेले थर एकेक करून मोजावे लागतात. शिवालिकच्या पायथ्याला काला अंब आणि रामनगरला असे चर खणले गेले आहेत. ते काम यंत्र, परवाना आणि चराच्या भिंतींना आधार देणारी फळी यांच्याशिवाय करायचं नाही. गोट्यांच्या थरातली भिंत कसलीही सूचना न देता ढासळते.